विश्लेषण : बी.एड. किती वर्षांचे, यापेक्षा सराव पाठ कोण पाहतो हे महत्त्वाचे का?

शिक्षक व्हायला किती वर्षे शिकायचे, याचे उत्तर गेल्या दशकभरात वारंवार बदलले. एक वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे झाले, मग बारावीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आणि आता पुन्हा एक वर्षाच्या बी.एड.ची चर्चा आहे. या चर्चेत छात्राध्यापक प्रत्यक्ष वर्गात कसा घडतो किंवा बिघडतो, हा प्रश्न मागे पडला आहे. संशोधन काय सांगते आणि महाराष्ट्रात घोडे कुठे अडते, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. २०१५-१६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पुढचे पाऊल टाकले. २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान पदवी असावी, असे धोरणाने म्हटले. हा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरूही झाला. २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा आणला. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. असावे, असा प्रस्ताव त्यात होता.

न्यायालयाचाही एक निकाल मधल्या काळात आला. पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि त्यासाठी डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) हाच अभ्यासक्रम आहे, हा त्यामागचा विचार होता.

हे सगळे बदल अभ्यासक्रमाची लांबी आणि पदवीचे नाव यांभोवती फिरतात. नव्या शिक्षकाच्या हाती पहिला वर्ग येतो, तेव्हा मुलांना काही समजते की नाही, हे मात्र दुसऱ्याच गोष्टींवर ठरते.

‘दृष्टिकोन’ आणि ‘परिणामकारकता’ म्हणजे नेमके काय?

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत दृष्टिकोनाला ‘अभिवृत्ती’ म्हणतात. शिकवण्याचा व्यवसाय, मुले, वर्ग आणि स्वतःची क्षमता यांबद्दल मनात असलेला कल म्हणजे अभिवृत्ती. ‘ही मुले शिकू शकतात’ असे मानणारा शिक्षक आणि ‘यांच्या घरीच वातावरण नाही, आपण काय करणार’ असे मानणारा शिक्षक एकच धडा वेगळ्या पद्धतीने शिकवतात. पहिला चुकलेल्या मुलाला पुन्हा विचारतो. दुसरा पुढच्या हुशार मुलाकडे वळतो.

परिणामकारकता म्हणजे त्या शिकवण्यातून मुलांच्या पदरात काय पडले ते. सुंदर फलक लेखन, रंगीत तक्ते, खणखणीत आवाज या गोष्टी मदत करतात, पण त्या म्हणजे परिणामकारकता नव्हे.

आपल्याकडची शिक्षक निवड या दोन्ही गोष्टी फारशा तपासत नाही. टीईटीमध्ये दीडशे बहुपर्यायी प्रश्न असतात. ‘टेट’ची, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची, दोनशे गुणांची परीक्षाही बहुपर्यायीच आहे. ज्ञान आणि तर्कशक्ती यांतून कळते. तिसरीच्या वर्गात वजाबाकीला अडलेल्या मुलासमोर उमेदवार काय करेल, हे कळत नाही.

दृष्टिकोन मोजण्यासाठीच्या प्रश्नावल्या असतात. त्यांत ‘मला मुलांसोबत वेळ घालवायला आवडते’ अशा विधानांवर सहमती-असहमती नोंदवायची असते. कोणते उत्तर ‘चांगले’ हे प्रत्येकाला माहीत असते, ही त्यांची अडचण. त्यामुळे प्रश्नावलीत उत्तम गुण मिळवणारा वर्गात उत्तम असेलच, याची खात्री नसते.

महाविद्यालयात येण्यापूर्वीच काय ठरलेले असते?

बरेच काही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ च्या ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात एक साधी गोष्ट मांडली. डॉक्टर किंवा वकील होणाऱ्याने तो व्यवसाय जवळून फारसा पाहिलेला नसतो. शिक्षक होणाऱ्याने मात्र लहानपणापासून हजारो तास शिक्षकांना पाहिलेले असते. शिकवणे म्हणजे काय, याचे चित्र त्याच्या मनात आधीच पक्के असते.

हे चित्र अर्धवट असते. विद्यार्थ्याला शिक्षक बोलताना दिसतो. आदल्या रात्री त्याने काय विचार केला, एखादा प्रश्न का गाळला, एखाद्या मुलाला मुद्दाम का विचारले, हे दिसत नाही. म्हणून ज्ञानरचनावादावर भरभरून लिहिणारा छात्राध्यापक वर्गात गेल्यावर धडा वाचून दाखवतो, अर्थ सांगतो आणि प्रश्नोत्तरे लिहून देतो. त्याला त्याच्या शाळेत तसेच शिकवलेले असते. दडपण आले की माणूस जुन्या सवयीकडे वळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे या वाटेवर येण्याचे कारण. हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ मध्ये शिक्षकी पेशा निवडण्याच्या कारणांची पद्धतशीर मांडणी केली. शिकवण्याची आवड, मुलांसाठी काही करण्याची इच्छा, नोकरीची शाश्वती, कुटुंबासाठी वेळ अशी कारणे त्यात आहेत. ‘दुसरे काही जमले नाही म्हणून’ हेही एक कारण आहे.

महाराष्ट्रात हे शेवटचे कारण अनोळखी नाही. पदवी झाली, स्पर्धा परीक्षा चालू आहे, तोवर बी.एड. करून ठेवू, असा विचार करणारे अनेक आहेत. पण असा उमेदवार वाईटच शिक्षक होईल, असे मानणे चूक ठरेल. नाइलाजाने आलेल्यालाही वर्गात काही जमू लागले की त्याचा कल बदलू शकतो. मुद्दा तो बदल घडवणारा अनुभव मिळतो का, हा आहे.

नोकरीची अनिश्चितता दृष्टिकोनावर परिणाम करते का?

करते, आणि ती नाकारून चर्चा पुढे जाऊ शकत नाही. ऑक्टोबर २०११ मधील पटपडताळणीनंतर राज्यात अतिरिक्त शिक्षकांचा प्रश्न उभा राहिला. त्यांचे समायोजन होईपर्यंत नव्या नेमणुकांवर २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने बंदी आली. पुढे पवित्र पोर्टलची व्यवस्था आली. त्यासाठीची पहिली ‘टेट’ डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर होते. या काळात डी.एड., बी.एड. होऊन बसलेल्या तरुणांचे वय वाढत गेले.

नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. हे मानधन प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ हजार आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले.

समोर हे चित्र असताना छात्राध्यापक आपला वेळ कशाला देईल? सराव पाठाची तयारी करायला की ‘टेट’चा बुद्धिमत्ता विभाग सोडवायला? भरतीचे गुण दुसऱ्या ठिकाणी असतील तर लक्षही तिकडेच जाणार. त्यात आळशीपणा नाही, साधा हिशेब आहे.

‘मला शिकवता येईल’ हा विश्वास येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत सांगितले. छात्राध्यापकाच्या भाषेत ते असे मांडता येतील.

पहिला, स्वतःला आलेले यश. आपण समजावले आणि मुलाला समजले, हे डोळ्यांनी पाहणे. चारही स्रोतांत हा सर्वांत ताकदीचा.

दुसरा, आपल्यासारख्याच दुसऱ्याला यशस्वी होताना पाहणे. वर्गातील एखादी मैत्रीण साठ मुलांचा गोंगाट न ओरडता शांत करते, तेव्हा ‘हे आपल्यालाही जमेल’ असे वाटते.

तिसरा, विश्वासातल्या माणसाचे शब्द. मार्गदर्शक शिक्षकाने ‘आज अमुक गोष्ट चांगली झाली’ असे नेमके सांगणे.

चौथा, शरीर-मनाची अवस्था. हात थरथरणे, घसा कोरडा पडणे. त्याचा अर्थ ‘मला येत नाही’ असा लावायचा की ‘पहिल्यांदा असे होतेच’ असा, हे पुष्कळदा शेजारच्या अनुभवी माणसावर अवलंबून असते.

म्हणजे चांगला दृष्टिकोन ही प्रवेशाच्या वेळी घेऊन येण्याची वस्तू नाही. तो बऱ्याच अंशी वर्गातील अनुभवातून तयार होतो. छात्राध्यापकांना ‘सेवाभाव ठेवा’ असे व्याख्यान देऊन तो येत नाही. एका मुलाला आपल्यामुळे वाचता आले, हा अनुभव तो आणतो.

फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये केलेली नोंदही इथे उपयोगी पडते. नव्या शिक्षकाच्या काळज्या आधी स्वतःबद्दलच्या असतात. मुले ऐकतील का, निरीक्षक काय म्हणतील, मी गोंधळलो तर? पुढच्या टप्प्यावर काळजी मुलांकडे वळते. त्यांना समजले का, मागे कोण राहिले? पहिल्या काळजीतून छात्राध्यापकाला लवकर बाहेर काढणे हे प्रशिक्षणाचे खरे काम आहे.

मग सराव पाठांत अडचण कुठे येते?

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास हे तंत्र विकसित झाले आणि भारतात ते साठच्या दशकाअखेरीस आले. सज्जता प्रवर्तन, प्रश्न कौशल्य, प्रबलन, चेतक बदल, फलक लेखन असे एकेक कौशल्य घ्यायचे. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे अध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. असे ३६ मिनिटांचे चक्र असते.

तंत्र चांगले आहे. पण समोर बसलेले ‘विद्यार्थी’ हे सहकारीच असतात. त्यांना उत्तरे येत असतात आणि ते शहाण्यासारखे बसतात. खऱ्या वर्गात उत्तर न येणारा, खिडकीबाहेर पाहणारा, कालपासून उपाशी असलेला मुलगा असतो.

त्यानंतर शाळेतील सराव पाठ आणि शालेय आंतरवासिता. २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. आंतरवासितेला किमान ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. कागदावर हे भक्कम आहे.

प्रत्यक्षात शाळेची बाजूही समजून घ्यायला हवी. मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असतो. दहावीचा वर्ग ते सहसा देत नाहीत. मिळतो तो ऑफ तास किंवा आधीच शिकवून झालेला घटक. वर्गाचे मूळ शिक्षक ही संधी साधून वह्या तपासायला स्टाफरूममध्ये जातात. त्यांनाही श्वास घ्यायला तेवढाच तास मिळतो. मार्गदर्शनाचे काम त्यांच्या कार्यभारात धरले जात नाही, त्याचे प्रशिक्षण नसते आणि त्याबद्दल काही मिळतही नाही.

महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचे गणित पाहा. शंभर प्रवेशक्षमतेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण विद्यार्थी २०० आणि नियमानुसार पूर्णवेळ अध्यापक १६. सगळी पदे भरलेली आहेत असे धरले, तरी दुसऱ्या वर्षाचे शंभर छात्राध्यापक सोळा आठवडे वेगवेगळ्या शाळांत विखुरलेले असतात. प्रत्येक अध्यापकाच्या वाट्याला सहा-सात जण येतात. त्याच काळात पहिल्या वर्षाचे तास चालू असतात. शिवाय गणित अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकाने मराठीचा पाठ पाहून फार तर आवाजावर शेरा द्यावा. मग एका तासात दोन-तीन वर्गांच्या मागे दहा-दहा मिनिटे बसणे होते आणि निरीक्षण वहीत सही होते.

पण शेरे तर दिले जातातच ना?

दिले जातात. प्रश्न त्यांच्या स्वरूपाचा आहे. ‘आवाज वाढवा’, ‘वर्ग नियंत्रण हवे’, ‘फलक लेखन सुबक हवे’, ‘पाठ चांगला’. यातून छात्राध्यापकाला उद्या नेमके काय वेगळे करायचे ते कळत नाही.

दुसरा शेरा असा असू शकतो : ‘एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचे उत्तर मुलीने दोन पंचमांश दिले. तुम्ही “चूक” म्हणून दुसऱ्याला विचारले. तिने अंश-अंश आणि छेद-छेद मिळवले होते, वर्गातील बऱ्याच मुलांनी तेच केले असणार. उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले, एवढे विचारले असते तर चूक तिलाच दिसली असती.’ या शेऱ्यात छात्राध्यापकाच्या व्यक्तिमत्त्वावर एक शब्द नाही. त्यात मुलीचा विचार आहे आणि पुढच्या पाठासाठी एक कृती आहे.

हा फरक किरकोळ नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये प्रत्याभरणावरील शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने प्रत्याभरणाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक प्रकरणांत कामगिरी उलट घसरली. लक्ष कामावरून हटून स्वतःच्या प्रतिमेवर गेले की प्रत्याभरणाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे विश्लेषण होते. मुलांसमोर अपमानकारक टोमणा खाल्लेला छात्राध्यापक पुढच्या पाठात मुलांकडे कमी आणि मागच्या बाकाकडे जास्त पाहतो.

कालावधी वाढवून फायदा होतो की नाही?

मॅथ्यू रॉनफेल्ट आणि मिशेल रेनिंगर यांनी शिकागोतील भावी शिक्षकांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. सराव किती आठवडे चालला, याचा शिक्षकांच्या तयारीच्या भावनेवर आणि आत्मविश्वासावर फारसा परिणाम दिसला नाही. सराव किती दर्जेदार होता, याचा मात्र ठळक परिणाम दिसला.

मार्गदर्शक कोण, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेच्या टेनेसी आणि वॉशिंग्टन राज्यांतील अभ्यास सांगतात की, ज्यांचा मार्गदर्शक शिक्षक स्वतः वर्गात प्रभावी होता, ते नवे शिक्षक पुढे अधिक प्रभावी ठरले. वॉशिंग्टनमध्ये हा परिणाम गणितात दिसला. वॉशिंग्टनमधील आणखी एका अभ्यासाने शाळेच्या प्रकाराकडे लक्ष वेधले. सराव केलेल्या शाळेतील मुले आणि पहिल्या नोकरीच्या शाळेतील मुले सारख्या पार्श्वभूमीची असतील, तर नवा शिक्षक अधिक परिणामकारक ठरतो.

हे अभ्यास अमेरिकेतील आहेत. तिथली वर्गसंख्या, भरती, पगार सगळेच वेगळे. त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण दिशा विचार करायला लावणारी आहे. आपल्याकडे वाद एक वर्ष की दोन वर्षे, दोन की चार, असा आहे. संशोधनाचे बोट मार्गदर्शकाकडे आणि सरावाच्या शाळेकडे आहे.

महाराष्ट्रात शाळेच्या निवडीचा मुद्दा का महत्त्वाचा?

कारण सराव एका जगात होतो आणि नोकरी दुसऱ्या जगात लागते. तालुक्याच्या गावातील अनुदानित हायस्कूलमध्ये, वर्गवार शिक्षक असलेल्या ठिकाणी सराव होतो. जिल्हा परिषदेची नेमणूक मात्र वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत होऊ शकते. तिथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन तिसरीला गुणाकार शिकवायचा, ही कला एकवर्गीय सरावात येत नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून मोठा. नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसते. नवख्या शिक्षकाला वाटते, मुलाला काही येत नाही. खरे तर त्याला बरेच येत असते, पण दुसऱ्या भाषेत. सरावाच्या काळात एकदाही असा वर्ग न पाहिलेल्या शिक्षकाचा ‘ही मुले शिकत नाहीत’ हा दृष्टिकोन पहिल्या सहा महिन्यांत तयार होतो. एकदा बसला की तो हलवणे कठीण.

संस्थांचा दर्जा कितपत जबाबदार?

बराच. अध्यापक शिक्षणावरील न्या. जे. एस. वर्मा आयोगाची पार्श्वभूमी महाराष्ट्रातलीच आहे. राज्यातील डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून हा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. देशातील दहा हजारांहून अधिक एकल अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीर शिक्षण देण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पैसे घेऊन पदव्या विकतात, असा या आयोगाचा हवाला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच दिला आहे.

‘हजेरीची काळजी नको, परीक्षेला या’ अशा तोंडी आश्वासनावर होणारे प्रवेश हे या दुखण्याचे ओळखीचे रूप. तिथे ९० टक्के उपस्थितीचा नियम रजिस्टरपुरता उरतो. अशा पदवीधराचा पहिला खरा सराव पाठ नोकरीच्या पहिल्या दिवशी होतो आणि त्याची किंमत समोरची मुले मोजतात.

दुखणे जुनेही आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अध्यापक शिक्षण हे विद्यापीठांपासून आणि शाळांपासून तुटलेले असल्याचे नोंदवले होते. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते. साठ वर्षांनंतरही प्रशिक्षण महाविद्यालय आणि सराव शाळा यांचे नाते बहुतेक ठिकाणी ‘वर्ग देता का?’ या विनंतीपत्रापुरतेच आहे.

नोकरी लागल्यावर काय होते?

प्रशिक्षणात कमावलेला आत्मविश्वास पहिल्या वर्षात गळू शकतो. अनिता वुलफोक हॉय आणि रोंडा बर्क स्पेरो यांच्या २००५ मधील अभ्यासात असे दिसले की, प्रशिक्षणाच्या काळात वाढलेला स्व-क्षमतेचा विश्वास नोकरीच्या पहिल्या वर्षी घसरला. ही घसरण मिळणाऱ्या आधाराशी जोडलेली होती. सायमन वीनमन यांनी १९८४ मध्ये अनेक देशांतील ८३ अभ्यासांचा आढावा घेतला. नव्या शिक्षकांची सर्वांत मोठी अडचण वर्गातील शिस्त ही होती. त्यामागोमाग मुलांना प्रवृत्त करणे आणि वेगवेगळ्या कुवतीच्या मुलांना सांभाळणे यांचा क्रम लागला.

इंग्लंडने यावर २०२१ पासून देशभर एक व्यवस्था लागू केली. नव्या शिक्षकाला दोन वर्षे नेमून दिलेला मार्गदर्शक मिळतो. पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के तासिका कमी असतात, म्हणजे शिकायला वेळ राहतो. आपल्याकडे तीन वर्षांचा शिक्षण सेवक काळ आहे. तो कमी पगाराचा काळ म्हणूनच ओळखला जातो. नव्या शिक्षकाला पूर्ण वर्ग, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचे काम हे सगळे पहिल्याच वर्षी मिळते. शिकवणे कसे चालले आहे, हे विचारणारा कोणी असेलच असे नाही.

मग करता येण्यासारखे काय?

पहिले, मार्गदर्शक शिक्षक हे पद मानले जावे. सराव शाळेतील चांगल्या शिक्षकांची निवड व्हावी, त्यांना निरीक्षण आणि चर्चेचे प्रशिक्षण मिळावे, आठवड्याच्या काही तासिका कमी व्हाव्यात आणि मानधन मिळावे. यासाठी पैसा लागेल. पण अभ्यासक्रम एक वर्षाने वाढवताना विद्यार्थ्यांच्या कुटुंबांनी जो खर्च सोसला, त्याचा हिशेब कोणी मागितला नव्हता. त्या तुलनेत हा खर्च मोठा ठरू नये.

दुसरे, आंतरवासिता किमान दोन वेगळ्या प्रकारच्या शाळांत व्हावी. डी.एल.एड.च्या विद्यार्थ्याने बहुवर्ग शाळेत आणि शक्य तिथे वेगळ्या घरभाषेच्या मुलांसोबत काही आठवडे काढलेच पाहिजेत.

तिसरे, निरीक्षण वहीचा नमुना बदलावा. ‘आवाज, फलक, साधने’ या रकान्यांच्या आधी दोन प्रश्न हवेत : आज कोणत्या मुलांना समजले नाही, आणि ते तुम्हाला कसे कळले? हा बदल करायला फार पैसा लागत नाही.

चौथे, शिक्षण सेवकाचा काळ शिकण्याचा काळ व्हावा. केंद्रप्रमुख, दरमहा होणारी शिक्षण परिषद आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था ही साखळी राज्यात आधीपासून आहे. तिचा मोठा वेळ माहिती गोळा करण्यात जातो. त्यातला थोडा वेळ नव्या शिक्षकाचा वर्ग पाहण्यासाठी राखता येईल.

पाचवे, भरतीत प्रत्यक्ष अध्यापनाला वजन हवे. मुलाखतीत वशिलेबाजी होते, ही भीती खरी आहे आणि बहुपर्यायी परीक्षा त्यातूनच आली. पण आंतरवासितेतील निवडक पाठांचे चित्रीकरण करून ते जिल्ह्याबाहेरच्या, उमेदवाराचे नाव माहीत नसलेल्या परीक्षकांकडून तपासून घेता येतील. हातातल्या मोबाइलवर हे आता शक्य आहे.

वशिला नको म्हणून शिकवणे तपासायचेच नाही, हा मार्ग सोपा आहे. त्याचा तोटा उमेदवाराला होत नाही. तो पहिलीतल्या मुलाला होतो आणि त्याच्या आईवडिलांना तो कळेपर्यंत मूल चौथीत गेलेले असते. बी.एड. एक वर्षाचे करायचे की चारचे, हे दिल्लीत ठरेल. त्या काळात छात्राध्यापकाच्या वर्गात मागे कोण बसेल आणि पाठ संपल्यावर त्याच्याशी अर्धा तास काय बोलेल, हे ठरवायला मात्र राज्याला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही.